पिकअपसाठी टायरच्या साखळ्या कशा निवडाव्यात

टायरची साखळी म्हणजे हिमाच्छादित किंवा गोठलेल्या रस्त्यावर चाकाला पकड मिळावी म्हणून टायरभोवती ताणून बसवायची पोलादी कड्यांची जाळी. वाहनावर ती कायमची नसते. हिमवर्षावात रस्त्याच्या कडेला थांबून ती बसवायची असते आणि कोरडा रस्ता लागला की काढायची असते. न्यूयॉर्क राज्यातील कॅनस्टोटा या गावच्या हॅरी वीड यांना १९०४ मध्ये अशा साखळीचे अमेरिकन पेटंट मिळाले. बाजूच्या दोन साखळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या साखळ्या ही त्यांची मूळ रचना आजही विकल्या जाणाऱ्या अनेक साखळ्यांत ओळखू येते.

साखळी निवडताना बहुतेकांचे लक्ष तिच्या जाडीकडे आणि किमतीकडे जाते. पिकअपच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न वेगळा आहे: चाकाच्या आजूबाजूला साखळीसाठी जागा किती आहे? त्यानंतर टायरचे माप, रस्त्याची जात, कोणत्या चाकांना साखळी लावायची हा निर्णय आणि त्या भागातला कायदा, या क्रमाने विचार केला तर निवड बरीच सोपी होते.

पकड कशी मिळते

कोरड्या डांबरी रस्त्यावर रबराचा घर्षणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो. दाबून घट्ट झालेल्या हिमावर तो ०.२ ते ०.३ पर्यंत घसरतो आणि गुळगुळीत बर्फावर ०.१ च्या आसपास येतो. थांबण्याचे अंतर घर्षणांकाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन ०.७ घर्षणांकाच्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे १४ मीटरमध्ये थांबू शकते. ०.२ घर्षणांकाला हेच अंतर सुमारे ४९ मीटर होते आणि ०.१ ला ९८ मीटर. चालकाला धोका जाणवून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचे अंतर यात धरलेले नाही.

बर्फाचे तापमान शून्य अंशाच्या जवळ असेल तर त्यावर पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि पकड आणखी कमी होते. म्हणून कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा वितळू लागलेला बर्फ पुष्कळदा अधिक निसरडा असतो.

साखळी रबराच्या घर्षणावर विसंबून राहत नाही. चाकाचा भार टायरच्या रुंद तळाऐवजी काही मोजक्या कड्यांवर येतो. त्यामुळे कड्यांखालचा दाब कितीतरी वाढतो, कड्या हिमात रुततात आणि बर्फाला खरवडतात. पुढे जाताना आणि ब्रेक लावताना या रुतलेल्या कड्याच आधार देतात. कड्यांना धारदार कडा असतील तर बर्फावर पकड वाढते. खोल, मऊ हिमात मात्र कडांपेक्षा आडव्या साखळ्यांचा उंचवटा जास्त उपयोगी पडतो.

पिकअपची वेगळी अडचण

पिकअपचे इंजिन आणि केबिन पुढे असते आणि मागे रिकामा हौदा असतो. ओझे नसताना निम्म्याहून अधिक वजन पुढच्या चाकांवर राहते. दोन चाकांना गती मिळणाऱ्या बहुतेक पिकअपमध्ये ही गती मागच्या, म्हणजे हलक्या बाजूच्या चाकांना मिळते. म्हणूनच चढावर रिकामा पिकअप जागच्या जागी चाके फिरवत राहतो आणि वळणावर त्याचा मागचा भाग बाहेर सरकतो. हौद्यात मागच्या अ‍ॅक्सलच्या वर वाळूच्या गोण्या घट्ट बांधून ठेवल्या तर पकड सुधारते. त्या सुट्या ठेवल्या तर जोराचा ब्रेक लागताच पुढे घसरत येतात. गोण्यांचे वजन वाहनाच्या ठरलेल्या भारक्षमतेत मोजायचे असते.

चारही चाकांना गती देणाऱ्या पिकअपच्या मालकांना साखळ्यांची गरज नाही असे वाटण्याची शक्यता असते. हा समज धोक्याचा आहे. चारही चाकांना मिळणारी गती वाहन हलवायला आणि चढ चढायला मदत करते. ब्रेक तर प्रत्येक वाहनाला चारही चाकांवर असतातच, त्यामुळे थांबताना अशा वाहनाला काही जास्तीचा फायदा मिळत नाही. उतारावर वजनदार पिकअप थांबवायचा असतो तेव्हा टायर आणि रस्ता यांच्यामधली पकड एवढाच आधार उरतो.

पहिली कसोटी: चाकाभोवतीची जागा

साखळी बसली की टायरची उंची आणि रुंदी वाढते. वेगाने फिरताना कड्या बाहेरच्या दिशेला ओढल्या जातात, त्यामुळे त्या थांबलेल्या अवस्थेपेक्षा जास्त जागा घेतात. जागा अपुरी असेल तर साखळी शॉकअ‍ॅब्सॉर्बर, ब्रेकचा पाइप, सस्पेन्शनचे भाग किंवा मडगार्डच्या आतल्या आवरणावर आपटते. ब्रेकचा पाइप तुटला तर घसरड्या रस्त्यावर ब्रेकच निकामी होण्याची वेळ येते.

यासाठी अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने साखळ्यांचे तीन वर्ग ठरवले आहेत. प्रत्येक वर्गासाठी टायरच्या नक्षीवर आणि टायरच्या आतल्या बाजूला किमान किती मोकळी जागा हवी, हे त्यात दिले आहे. ‘एस’ वर्गाला नक्षीवर ३७ मिलिमीटर आणि बाजूला १५ मिलिमीटर जागा लागते. ‘यू’ वर्गाला ५० आणि २३ मिलिमीटर, तर ‘डब्ल्यू’ वर्गाला सुमारे ६४ आणि ३८ मिलिमीटर. ‘एस’ वर्ग कमी जागा असलेल्या गाड्यांसाठी आहे. ‘डब्ल्यू’ वर्ग जाड आणि मजबूत साखळ्यांचा, प्रामुख्याने हलक्या ट्रकसाठी आहे.

पिकअप दिसायला उंच असला तरी तो आपोआप ‘डब्ल्यू’ वर्गात बसत नाही. मडगार्ड आणि टायर यांच्यात वरून भरपूर फट दिसते, पण आतल्या बाजूला सस्पेन्शन टायरच्या अगदी जवळ असू शकते. अनेक नव्या पिकअपच्या पुस्तिकांत फक्त ‘एस’ वर्गाच्या साखळ्यांना परवानगी असते, तीही मागच्या चाकांना आणि ठरावीक मापाच्याच टायरवर. म्हणून खरेदीच्या आधी वाहनाच्या पुस्तिकेतले साखळ्यांचे पान वाचणे ही निवडीची पहिली पायरी आहे.

पुस्तिकेतली माहिती कारखान्यातून आलेल्या टायर आणि रिमपुरतीच खरी असते. मालकाने रुंद टायर घातले असतील, बाहेर झुकणाऱ्या रिम बसवल्या असतील किंवा वाहन उंच करून घेतले असेल, तर प्रत्यक्ष मोजमाप करावे लागते. मोजताना हौद्यात नेहमीचे ओझे ठेवावे, कारण ओझ्याने वाहन खाली बसते आणि वरची फट कमी होते. पुढच्या चाकांना साखळी लावायची असेल तर स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून मोजावे. सरळ चाकाला मोकळी दिसणारी जागा वळलेल्या चाकाला अनेकदा उरत नाही.

माप: टायरवरचे आकडे

टायरच्या बाजूवर २६५/७०आर१७ अशासारखे माप छापलेले असते. २६५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ७० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, आणि १७ हा रिमचा इंचातला व्यास. यावरून टायरचा पूर्ण व्यास काढता येतो. २६५ चे ७० टक्के १८५.५ मिलिमीटर होतात. ते वर आणि खाली असे दोनदा धरून रिमचे ४३१.८ मिलिमीटर मिळवले की सुमारे ८०३ मिलिमीटर येतात.

मापाआधी ‘एलटी’ अशी अक्षरे असतील तर तो हलक्या ट्रकचा, जास्त भार आणि जास्त हवेचा दाब सोसणारा टायर असतो. एलटी २४५/७५आर१७ या टायरचा व्यास ७९९ मिलिमीटर येतो, म्हणजे वरच्या टायरच्या अगदी जवळ. पण रुंदीत २० मिलिमीटरचा फरक आहे. व्यास जुळतो म्हणून एकाची साखळी दुसऱ्याला चालेल असे धरणे चूक ठरते. आडव्या साखळ्या लांब पडल्या तर त्या सैल राहून आपटतात. आखूड पडल्या तर बाजूची साखळी नक्षीच्या कडेवर ओढली जाते.

म्हणून साखळीच्या पाकिटावरच्या तक्त्यात टायरचे पूर्ण माप सापडले पाहिजे. एका तक्त्यात अनेक मापे असतात आणि त्यांपैकी काही त्या साखळीच्या मर्यादेच्या टोकावर असतात. छापील माप सारखे असले तरी खोल नक्षीचा टायर साध्या टायरपेक्षा थोडा मोठा भरतो. असे टायर असतील तर आपले माप तक्त्याच्या मधोमध येईल अशी साखळी घेणे शहाणपणाचे असते.

रचना: शिडी, हिरा आणि केबल

सर्वांत जुनी रचना शिडीची. बाजूच्या दोन साखळ्यांमध्ये ठरावीक अंतरावर आडव्या साखळ्या असतात. ती मजबूत असते, दुरुस्त करायला सोपी आणि तुलनेने स्वस्त. खोल हिमात सरळ पुढे खेचण्याचे काम ती उत्तम करते. दोन आडव्या साखळ्यांमध्ये मात्र रबर उघडे राहते, त्यामुळे कठीण रस्त्यावर धक्के बसतात आणि बाजूला घसरताना पकड कमी पडते. आडवी साखळी बाजूच्या साखळीच्या दर चार कड्यांऐवजी दर दोन कड्यांवर असेल तर वजन आणि किंमत वाढते, पण चाक अधिक सुरळीत फिरते आणि पकडही वाढते.

हिऱ्याच्या आकाराच्या जाळीत साखळ्या तिरप्या जातात. कोणत्याही क्षणी जाळीचा काही भाग रस्त्यावर टेकलेला असतो. त्यामुळे वळणावर आणि उतारावर वाहन बाजूला सरकण्याला ती शिडीपेक्षा चांगला अटकाव करते. धक्केही कमी बसतात. डोंगरातल्या वळणावळणांच्या रस्त्यावर कोणालाही ही रचना आधी सुचवावी.

केबल म्हणजे पोलादी तारेच्या दोरावर ओवलेल्या छोट्या पोलादी नळ्या. ती हलकी असते, कमी जागा घेते आणि तिची घडी लहान होते. ‘एस’ वर्गापुरतीच जागा असलेल्या पिकअपला केबल किंवा बारीक कड्यांची तिरपी साखळी हाच मार्ग उरतो. अधूनमधून हिमात जाणाऱ्या वाहनाला ती पुरते. ओझे भरलेल्या पिकअपने रोज चढाचा रस्ता करायचा असेल तर खऱ्या कड्यांची साखळी हवी.

कापडी मोजे हा आणखी एक प्रकार. चाकावर ओढून बसवायचे हे आवरण कृत्रिम धाग्यांचे असते. ते बसवायला सोपे, आवाज न करणारे आणि जागा जवळजवळ न घेणारे आहे. कोरड्या रस्त्यावर मात्र ते लवकर फाटते. जड पिकअपसाठी ते अडीअडचणीचे साधन म्हणून ठेवावे.

कड्या, पोलाद आणि ताण

साधी वळवलेली गोल कडी हिमात चांगली चालते. चौकोनी काटछेदाच्या कडीला धारदार कडा असतात, त्यामुळे ती बर्फात जास्त रुतते. आडव्या साखळीवर इंग्रजी व्हीच्या आकाराचे पोलादी तुकडे जोडलेले असतील तर गुळगुळीत बर्फावर पकड सर्वांत जास्त मिळते, पण उघड्या रस्त्याला आणि चाकाला त्यांचा त्रासही सर्वांत जास्त होतो. युरोपीय बनावटीच्या साखळ्यांवर ९, १२ किंवा १६ मिलिमीटर असा आकडा असतो. साखळी नक्षीच्या वर किती जागा घेते, ते तो आकडा सांगतो. मोटारगाड्यांसाठी ९ मिलिमीटरच्या आसपासच्या साखळ्या असतात, तर जड वाहनांसाठी बहुधा १६ मिलिमीटरच्या.

मिश्रधातूचे, पृष्ठभाग कठीण केलेले पोलाद साध्या पोलादापेक्षा हळू झिजते. किमतीतला फरक बव्हंशी इथूनच येतो. वर्षातून एकदोनदा हिमात जाणाऱ्यासाठी साधी साखळी पुरते. हिवाळाभर डोंगरातून ये-जा करणाऱ्याने मिश्रधातूचीच घ्यावी.

साखळी ताणून ठेवण्याचे तीन मार्ग आहेत. काहींत रबरी ताणपट्टा वेगळा लावावा लागतो, काहींत बाजूच्या साखळीवरच्या खिट्ट्या छोट्या पान्याने फिरवून ताण द्यायचा असतो आणि काही साखळ्या चाक फिरताना स्वतःच ताणल्या जातात. तिसरा मार्ग सोयीचा आणि महाग आहे. बोटे बधिर करणाऱ्या थंडीत ही सोय फार मोलाची ठरते.

कोणत्या चाकांना

गती मिळणाऱ्या चाकांना साखळ्या लावणे ही किमान गरज आहे. मागच्या चाकांना गती असलेल्या पिकअपमध्ये त्या मागे लागतात. चढ त्यामुळे निभतो, पण उतारावर वळताना पुढची चाके घसरून वाहन सरळ जाऊ शकते. फक्त पुढच्या चाकांना लावल्या तर उलटे घडते: पुढचा भाग रस्ता धरतो आणि हलका मागचा भाग फिरून बाहेर येतो. हा प्रकार सावरायला जास्त कठीण असतो.

म्हणून जागा असेल तर चारही चाकांना साखळ्या लावणे सर्वांत सुरक्षित. एकच जोडी लावायची असेल तर पुस्तिकेत सांगितलेला अ‍ॅक्सल निवडावा. बहुतेक पिकअपना तो मागचाच असतो. मागे दुहेरी चाके असलेल्या जड पिकअपसाठी दोन्ही टायर एकत्र झाकणाऱ्या, तीन समांतर साखळ्यांच्या जोड्या मिळतात. फक्त बाहेरच्या टायरला साखळी लावताना ती दोन टायरमधल्या फटीत अडकत नाही ना, हे पाहावे लागते.

कायदा काय मागतो

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात डॉनर शिखरमार्गावरून जाणारा इंटरस्टेट ८० हा महामार्ग सुमारे २,२०० मीटर उंचीवर पोहोचतो. सॅन फ्रान्सिस्को परिसरातली अनेक मराठी कुटुंबे हिवाळ्यात याच रस्त्याने ताहो सरोवराकडे जातात. तिथे तीन पायऱ्यांचे निर्बंध लागू होतात. आर-१ मध्ये गती मिळणाऱ्या चाकांना साखळ्या किंवा हिमाचे टायर हवेत. चारही चाकांना गती असलेल्या वाहनांना यातून सूट असते. आर-२ मध्ये सर्वांना साखळ्या लागतात. अपवाद फक्त चारही चाकांना गती आणि चारही चाकांवर हिमाचे टायर असलेल्या वाहनांचा. आर-३ मध्ये कोणालाच सूट नाही.

पिकअपमालकांच्या नजरेतून दोन बाबी सुटतात. सूट मिळालेल्या वाहनानेही निर्बंधाच्या टप्प्यात एका जोडीएवढ्या साखळ्या सोबत ठेवायच्या असतात. शिवाय कायद्यातली हिमाच्या टायरची सवलत ६,५०० पौंड, म्हणजे सुमारे २,९५० किलोपर्यंत रिकाम्या वजनाच्या वाहनांसाठी आहे. काही जड पिकअप रिकामे असतानाच ही मर्यादा ओलांडतात. मागे ब्रेक असलेला ट्रेलर जोडला असेल तर त्याच्याही एका अ‍ॅक्सलला साखळी लागते. रस्त्याकडेला पैसे घेऊन साखळ्या बसवून देणारे परवानाधारक कामगार असतात, पण त्यांना साखळ्या विकण्याची किंवा भाड्याने देण्याची मुभा नाही. साखळी घरूनच न्यावी लागते.

कोलोरॅडोत डॉटसेरो ते मॉरिसन या इंटरस्टेट ७० च्या टप्प्यावर १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात टायर आणि साखळ्यांचे नियम लागू असतात. तिथे हिमाच्या टायरची नक्षी किमान ३/१६ इंच, म्हणजे ४.८ मिलिमीटर खोल असावी लागते. वॉशिंग्टन राज्यात १०,००० पौंडांहून, म्हणजे सुमारे ४,५३६ किलोंहून अधिक कमाल एकूण वजन (वाहन आणि ओझे मिळून) ठरलेल्या वाहनांना हिवाळ्यात ठरावीक रस्त्यांवर साखळ्या जवळ ठेवाव्या लागतात. दुहेरी चाकांचे मोठे पिकअप या नियमात येतात.

हिमाचल प्रदेशात मनालीहून सोलांग आणि अटल बोगद्याकडे, तसेच काश्मिरात तंगमर्गहून गुलमर्गकडे जाताना, ताज्या हिमवर्षावानंतर चारही चाकांना गती नसलेल्या आणि साखळ्या नसलेल्या वाहनांना पोलीस थांबवतात. महाराष्ट्रातून स्वतःचे वाहन घेऊन जाणाऱ्यांनी साखळी निघण्यापूर्वीच घ्यावी आणि घराजवळच टायरवर बसवून पाहावी. वाटेत ऐनवेळी घेतलेली साखळी टायरच्या मापाची असेलच असे नाही.

बसवणे, चालवणे, जपणे

साखळी सुरक्षित, सपाट जागी आणि हँडब्रेक ओढून बसवावी. आधी ती जमिनीवर पसरून पीळ काढावेत. आकड्यांची उघडी टोके टायरच्या उलट बाजूला असावीत, नाहीतर ती रबरात घुसतात. व्हीच्या आकाराचे तुकडे असतील तर त्यांची टोके बाहेरच्या बाजूला हवीत. आतली जोडणी आधी, बाहेरची नंतर, मग ताण. साखळी बसावी म्हणून टायरमधली हवा काढू नये. काही शे मीटर चालवून पुन्हा थांबावे आणि साखळी ताणून घ्यावी. पहिल्या फेऱ्यांत ती जागेवर सरकते आणि सैल पडते.

साखळ्यांवर ताशी ५० किलोमीटरच्या वर जाऊ नये. उत्पादकाने याहून कमी मर्यादा दिली असेल तर ती पाळावी. चाके जागच्या जागी जोराने फिरवली तर कडी तुटू शकते. तुटलेल्या साखळीचा फटका मडगार्ड आणि ब्रेकच्या पाइपला बसतो, म्हणून ठकठक आवाज येऊ लागताच थांबून पाहावे. उघडा रस्ता सलग लागला की साखळ्या उतरवाव्यात. कोरड्या रस्त्यावर त्या भराभर झिजतात, रस्ता खराब करतात आणि त्यांची पकडही कमी असते.

साखळ्यांच्या पिशवीत जाड रबरी हातमोजे, गुडघ्याखाली घालायला चटई, डोक्याला लावायचा दिवा, ताणाचा पाना आणि कडी जोडायचा सुटा दुवा असावा. प्रवासानंतर साखळ्या गरम पाण्याने धुऊन रस्त्यावरचे मीठ काढावे, पूर्ण वाळवाव्यात आणि हलका तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी ठेवाव्यात. दर हिवाळ्याच्या सुरुवातीला प्रत्येक कडी तपासावी. कडीची जाडी निम्म्यापर्यंत झिजली असेल, आकडा उघडला असेल किंवा केबलच्या तारा सुटल्या असतील, तर ती जोडी काढून टाकावी. वाहनाचे टायर बदलले असतील तर नवे माप साखळीच्या तक्त्याशी पुन्हा ताडून पाहावे आणि चाकाभोवतीची जागाही नव्याने मोजावी.